आधी उधारीची वही, मग मायनरचा फॉर्म

वाचकाचं पत्र :

"नमस्कार. मी सांगलीत बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, मेजर (मुख्य विषय) अकाउंटन्सी. पुढच्या आठवड्यात मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) यांचा फॉर्म भरून द्यायचा आहे. मायनरला मार्केटिंग, बँकिंग, बिझनेस इकॉनॉमिक्स आणि संख्याशास्त्र असे पर्याय आहेत. ओपन इलेक्टिव्हला मानसशास्त्र, पर्यटन, योग आणि 'एक्सेलमधून डेटा विश्लेषण'. पप्पा मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहेत. मला एक तर चांगल्या कंपनीत बिझनेसच्या बाजूला नोकरी करायची आहे, नाहीतर पुढे स्वतःचा मसाल्यांचा धंदा. मैत्रिणी म्हणतात, बीबीए घ्यायला हवं होतंस. मामा म्हणतो, सीए कर. एका क्लासवाल्यांनी डिजिटल मार्केटिंगचा कोर्स 45 हजारांत सांगितलाय; घरचे मात्र तीन वर्षांत मिळून 40 हजारच देऊ शकतात. इंग्रजी कच्चं आहे. काय काय केलं म्हणजे शेवटी हातात नुसती डिग्री राहणार नाही?" – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर :

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू जाता जाता लिहून गेलीस : पप्पा हळद व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहेत. कुणाचं पेमेंट अडकलं, कुणाचा चेक परत आला, कुठल्या पार्टीला आता माल द्यायचा नाही, हे तुझ्या घरी रात्री जेवताना बोललं जात असणार. हे ऐकायला बाकीच्यांना फी भरावी लागते. फॉर्मकडे येऊच, पण आधी कागद घेऊन एक हिशेब कर.

समजा, सगळा खर्च धरून 10 लाखांना पडलेली हळद शेठनी बाहेरगावच्या पार्टीला 10 लाख 30 हजारांना दिली. तीस हजार सुटले. पण माल घेताना पैसे लगेच मोजावे लागले, ते बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून (लागेल तशी उचल देणारं कर्जखातं) उचलले, व्याज वर्षाला 12 टक्के. पार्टीनं 60 दिवसांनी पैसे दिले तर व्याज होतं 19,726 रुपये. शेठच्या हातात 10,274. तीच पार्टी 90 दिवसांवर गेली तर व्याज 29,589. उरले 411. दहा लाखांचा माल हलवून चारशे अकरा रुपये, आणि 92व्या दिवसापासून घरातले घालायचे. भाव बरोबर होता, माल चोख होता, पार्टीही बुडवी नव्हती. पैसे उशिरा आले, इतकंच.

'बिझनेसची बाजू' म्हणतात ती हीच. कंपनीत तिला कमर्शियल, क्रेडिट कंट्रोल, सेल्स अकाउंट्स, परचेस अशी नावं असतात, यार्डात नुसतं 'वसुली' म्हणतात. मालाचं रूपांतर पैशात व्हायला किती दिवस लागतात आणि त्या दिवसांचं भाडं कोण भरतं, हे ज्याला दिसतं त्याला कुठल्याही धंद्यात काम मिळतं. इथून पुढे कुठलाही विषय, कोर्स किंवा उपक्रम निवडताना एवढंच विचार : या सौद्याबद्दल आज मला न सुटणारा एखादा प्रश्न यानं सुटेल का?

बीबीएची हळहळ सोडून दे. महाराष्ट्रात 2024 पासून बीबीए-बीएमएसला सीईटी लागते, त्यामुळे त्या नावाला थोडं वजन आलंय खरं. पण अकाउंटन्सी मेजर घेऊन तू जास्त घट्ट जमिनीवर उभी आहेस. ताळेबंद वाचता येणाऱ्याला मार्केटिंग नंतर शिकता येतं. उलटं सहसा होत नाही.

आता फॉर्म. मायनर म्हणजे एखादा सुटा पेपर नव्हे. पदवीभरात त्याचे 18 ते 20 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजायचे श्रेयांक) होतात आणि अध्येमध्ये बदलायला गेलं तर आधीचे क्रेडिट वाया जाण्याची भीती असते. तुझ्या चार पर्यायांत आमचं मत संख्याशास्त्राला. कारण सरळ आहे : विक्री काउंटरवर शिकता येते, बँकिंग बँकेत शिकवतात, पण सरासरी आणि मध्यक यांत फरक का पडतो, भावाच्या चढउताराला आकडा कसा लावायचा, पाच वर्षांच्या आवकेवरून कल कसा काढायचा, हे पेढीवर कुणी शिकवणार नाही. मात्र एक अट. दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडून त्या विषयाची वही आणि गेल्या वेळची प्रश्नपत्रिका मागून घे. वहीत सोडवलेली उदाहरणं असतील तर विषय घे. 'व्याख्या लिहा, फायदे-तोटे स्पष्ट करा' एवढंच असेल, तर तो विषय नावापुरता संख्याशास्त्र आहे. मग बिझनेस इकॉनॉमिक्सची वही बघ. चारही विषयांना हीच कसोटी लाव. विषयाच्या नावापेक्षा तो शिकवतं कोण, यानं जास्त फरक पडतो.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावं लागतं, म्हणजे कॉमर्सच्या चौकटीबाहेर डोकवायची सोय कॉलेजनंच करून दिलीय. एक्सेलचा पर्याय उत्तम, पण आधी लॅबमध्ये चक्कर मार. साठ मुली आणि चालू संगणक वीस असतील, तर तिघींपैकी एक टाइप करते आणि दोघी बघतात. तसं असेल तर मानसशास्त्र घे आणि एक्सेल घरी शीक. पर्यटन, योग वाईट नाहीत, पण तुझ्या सौद्यातला एकही प्रश्न त्यांनी सुटत नाही.

केंद्र सरकारच्या स्वयंम या ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सचे क्रेडिटही पदवीत धरता येतात. एका सेमिस्टरच्या एकूण कोर्सपैकी 40 टक्क्यांपर्यंतची मुभा नियमात आहे. मुलं फसतात ती क्रमात : आधी कोर्स करतात, परीक्षेची फी भरतात, प्रमाणपत्र आणतात आणि मग कळतं की कॉलेजच्या मंजूर यादीत तो कोर्सच नव्हता. त्यामुळे नाव नोंदवायच्या आधी परीक्षा विभागाकडून लेखी होकार घे आणि आपला एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) आधारवरच्याच नावानं आहे ना, तेही बघ. नावात एका अक्षराचा फरक असला तरी क्रेडिट जमा होताना अडतात.

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीतलं मुख्य काम मात्र कॉलेजबाहेरचं आहे. पप्पांच्या मध्यस्थीनं शेठची परवानगी काढ आणि त्यांची येणी (पार्ट्यांकडून यायचे पैसे) किती दिवसांची आहेत त्यानुसार लावून दे. परवानगी तोंडी चालेल, पण ती शेठची हवी, नुसती पप्पांची नको. वही धंद्याची आहे आणि पप्पांची नोकरी त्यावर आहे. पार्ट्यांची नावं उतरवायची नाहीत, प-1, प-2 असे क्रमांक द्यायचे आणि कुठला क्रमांक कुणाचा याची किल्ली पप्पांकडेच ठेवायची. वहीचे मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. यार्डात मुलीनं बसण्यावरून घरात कुरबुर होणार असेल तर सौद्याच्या गर्दीत जायची गरजच नाही. दुपारी पेढी शांत झाली की दिवाणजी वह्या उघडतात, तुझं काम त्या वेळेचं आहे.

रकाने आठ : पार्टी क्रमांक, बिल नंबर, बिलाची तारीख, रक्कम, ठरलेली मुदत, जमा, बाकी, आणि आजपर्यंत झालेले दिवस. शेवटचा रकाना आजच्या तारखेतून बिलाची तारीख वजा करून मिळतो. त्यावरून चार कप्पे पाडायचे : 30 दिवसांपर्यंत, 31 ते 60, 61 ते 90, आणि 90च्या पुढे. ऐकायला अर्ध्या तासाचं काम वाटतं. प्रत्यक्षात पहिल्यांदा आठवडा जाईल, आणि अडशील ती बहुधा या ठिकाणी.

पहिली अडचण तारखेची. आपण सवयीनं 15.7.25 असं टिंब देऊन लिहितो. एक्सेल बहुतेक वेळा त्याला तारीख मानतच नाही, अक्षरं समजतं, आणि वजाबाकी केली की चूक दाखवतं. 15/7/2025 असं लिहायचं. त्याहून वाईट म्हणजे संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर 5/7 म्हणजे 5 जुलैऐवजी 7 मे होतं आणि चूक दिसतही नाही. उधारी बसल्या जागी दोन महिन्यांनी जुनी होते. म्हणून आधी तारखेची मांडणी भारतीय करून घे आणि पाचसहा बिलं हातानं पडताळून बघ.

दुसरी अडचण नावांची. एकच पार्टी वहीत 'लक्ष्मी ट्रेडर्स', 'लक्ष्मी ट्रे.' आणि 'लक्ष्मी (जयसिंगपूर)' अशी तीन रूपांत असते. पिव्होट टेबल (एक्सेलमधला आपोआप बेरजा करणारा तक्ता) तिला तीन गिऱ्हाइकं मानतं. क्रमांक देताना पप्पांना शेजारी बसव. हे त्यांनाच माहीत असतं आणि कुठेही लिहिलेलं नसतं.

तिसरी खरी डोकेदुखी : पार्टी बिलागणिक पैसे देत नाही, 'खात्यावर दोन लाख' पाठवते. ते कुठल्या बिलात धरायचे? नियम एकच ठरव, सगळ्यात जुनं बिल आधी, आणि तो तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेव. आणि चौथी, वटाव, कसर, घट-तूट. 51,240च्या बिलावर पार्टीनं 51,000 पाठवले, वरचे 240 कुणी मागत नाही आणि कुणी सोडलेही नसतात. असे दोनशे-अडीचशे रुपये वर्षभरात किती होतात ते वेगळ्या रकान्यात मांड. बऱ्याच पेढ्यांवर हा आकडा कुणी काढलेला नसतो.

तक्ता झाला की शेठसमोर एकच पान ठेवायचं. एकूण येणं किती, त्यातलं 90 दिवसांपुढचं किती टक्के, ते कितीजणांत अडकलंय, आणि त्यावर महिन्याला व्याज किती चढतंय. बास. शेठ मान हलवतील किंवा 'हे मला माहीत आहे' म्हणतील, आणि त्यांना ते माहीत असेलही. पण पुढच्या महिन्यात त्यांनी तो कागद परत मागितला तर समज, तुला पहिलं काम आलं.

दुसऱ्या वर्षी या तक्त्याला दोन गोष्टी जोड. एक जीएसटी. पाठ करायचा नाही, महिन्याच्या फेऱ्यात पकडायचा. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याचं विक्रीचं जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत, खरेदीदाराला दिसणारं 2बी (त्याच्या खरेदीवरच्या कराची यादी) 14 तारखेला तयार होतं आणि कर भरायचं 3बी 20 पर्यंत. म्हणजे 14 ते 20 हे सहासात दिवस कर सल्लागाराच्या ऑफिसात जीव मुठीत धरून जातात, कारण आपलं खरेदी रजिस्टर आणि 2बी यांचा मेळ तेव्हाच घालायचा असतो. मेळ का बसत नाही? पुरवठादारानं जीएसटी क्रमांक चुकीचा टाकला, बिल पुढच्या महिन्यात दाखवलं, किंवा विवरणच भरलं नाही. दर महिन्याच्या त्या आठवड्यात रोज दोन तास अशा ऑफिसात मेळ घालायला जा. पैसे मिळाले तर ठीक, नाही मिळाले तरी तीन महिने जा. त्याहून जास्त फुकट राबू नकोस. आणि उधारीशी त्याचा धागा हा : घेणाऱ्यानं पुरवठादाराला 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या खरेदीवरच्या जीएसटीची घेतलेली वजावट (इनपुट क्रेडिट) त्याला व्याजासह परत करावी लागते. तुझ्या तक्त्यात 150 दिवसांवर पोचलेल्या पार्टीला हे शांतपणे सांगता आलं, तर वसुलीचा सूर बदलतो.

दुसरी गोष्ट कायदा. बिझनेस लॉचा पेपर मुलं पाठ करून विसरतात, पण त्यातला सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकीत देण्यांचा भाग तुझ्या कामाचा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढ. इथे एक खोच आहे आणि भलेभले इथे चुकतात : हे संरक्षण माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. निव्वळ व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जापुरती. म्हणजे हळद घेऊन तशीच विकणारे शेठ याचा आधार घेऊ शकत नाहीत, आणि त्यांच्याकडून हळकुंडं घेऊन पावडर करून विकणारा कारखानदार घेऊ शकतो. पुढे मसाल्यांच्या धंद्यात उतरायचं म्हणतेस, तेव्हा तू या रेषेच्या कुठल्या बाजूला उभी राहतेस हे आधीच ठरवायला हवं.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी क्लासची घाई नको. टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. फक्त नोंदी महिन्यातल्या ठरावीक तारखांनाच करता येतात. सरावाला तेवढं पुरतं. कॉलेजच्या पुस्तकातलं एक अंतिम खात्यांचं उदाहरण घेऊन ते पूर्ण टॅलीत चढव आणि ताळेबंद जुळेपर्यंत उठू नको. असे तीन ताळेबंद जुळले की टॅली आलं.

मसाल्याच्या धंद्याची चाचणीही दुसऱ्याच वर्षी घे, पण स्वतःचा ब्रँड काढून नव्हे. कॉलेजच्या 'बिझनेस फेस्ट'मध्ये मुली घरचा मसाला साध्या प्लास्टिकच्या पिशवीत विकतात, ते एका दिवसापुरतं खपून जातं. दुकानात ठेवायला गेलीस की पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक लागतो. नुसता माल घेऊन विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. म्हणून ज्याच्याकडे हे सगळं आहे अशा एका मिरची-हळद गिरणीवाल्याकडे जा आणि त्याचा पॅकबंद माल आठ आठवडे दहा किराणा दुकानांत लावून दे. बिल त्याच्या नावानं, तू ऑर्डर घेणारी, कमिशन ठरलेलं. हिशेब मात्र पैसे स्वतःचे असल्यासारखा मांड.

असा : 200 ग्रॅमचं पाकीट 42 रुपयांना पडलं, दुकानदाराला 48ला दिलं. दहा दुकानं, प्रत्येकी दहा पाकिटं, म्हणजे शंभर पाकिटांवर 600 रुपये. दुकानदारानं माळ करून दारात उन्हाला टांगली. हळदीचा रंग उन्हानं उडतो, आतलं कुरकुमिन प्रकाशात टिकत नाही. तीनचार पाकिटं तशी फिकी पडली, बाकीची फाटली किंवा उंदरानं कुरतडली, मिळून आठ परत आली. 384 रुपये गेले. चार फेऱ्यांचं पेट्रोल 200. राहिले 16, आणि त्यातली तीन दुकानं अजून 'पुढच्या मंगळवारी' म्हणतायत. गिरणीवाल्याला बदल सुचवायचाच असेल तर हा हिशेब दाखवून सुचव : माळेऐवजी डबा, पाकीट न दिसणाऱ्या कोपऱ्यात नव्हे पण सावलीत. डिजिटल मार्केटिंगचा 45 हजारांचा कोर्स यातलं काहीही शिकवत नाही. जाहिरात लोकांना दुकानापर्यंत आणेल, फिकी पडलेली हळद त्यांना परत पाठवेल. तो कोर्स घेऊ नकोस. जाहिरातीची मूलभूत ओळख पुढे फुकटात होते.

(गल्लीतल्या गणेश मंडळात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये काही करायचं असेल तर सूत्रसंचालन सोडून खजिनदार हो. पावती पुस्तकांचे क्रमांक कुणाला कुठून कुठपर्यंत दिले, कोरी पानं परत आली का, रद्द पावतीची दोन्ही पानं पुस्तकात आहेत का, वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढलीय का. ऑडिट म्हणजे काय हे गणपतीच्या दहा दिवसांत जितकं कळतं तितकं वर्षभराच्या लेक्चरांत कळत नाही. आणि हिशेब विसर्जनानंतर आठ दिवसांत फळ्यावर लाव. महिना गेला की कुणाला काही आठवत नाही.)

तिसऱ्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग येतं. साधारणपणे ते सहाव्या सेमिस्टरला, 4 क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटला 30 तास धरले तर 120 तास भरतात. तुझ्या कॉलेजचा तक्ता एकदा बघून घे. सहावं सेमिस्टर म्हणजे जानेवारी ते एप्रिल. सांगलीत नवी हळद नेमकी तेव्हाच यायला लागते आणि यार्ड भरून वाहतं. हा योग सोडू नकोस. मसाला निर्यातदार, मोठा हळद व्यापारी, कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा स्टोअर-परचेस विभाग, किंवा शांपू-बिस्किटांच्या कंपनीचा जिल्ह्याचा वितरक, यांपैकी कुठेही चालेल. पप्पांच्या पेढीवर करू नकोस. तिथे सगळे 'दिवाणजींची पोर' म्हणून चहा पाजतील, काम देणार नाहीत.

विचारायला ऑक्टोबरपासून सुरुवात कर. 'इंटर्नशिप मिळेल का' असं विचारलं की उत्तर 'बघू'. त्याऐवजी उन्हाळ्यातला तो येण्यांचा तक्ता, नावं आणि आकडे बदलून, छापून ने आणि म्हण, 'हे मी तुमच्याकडे करून देऊ शकते, 120 तास, रोज चार तास.' धंदेवाला माणूस कागद बघून लगेच सांगतो, हवं की नको. 'प्रमाणपत्र देतो, तीन हजार भरा' म्हणणाऱ्यांकडे फिरकू नकोस. तिथे तास भरत नाहीत, कागद भरतो, आणि मुलाखतीत 'तिथे नेमकं काय केलंस' याला उत्तर राहत नाही.

ट्रेनिंग वाया जातं ते बहुतेक पहिल्याच आठवड्यात. फाइली लावायला देतात, मुलगी गप्प लावत बसते आणि चौथ्या आठवड्यातही फाइलीच लावत असते. पाचव्या दिवशी विचार : 'तारीख ठरलेलं एखादं काम माझ्या नावावर द्याल का?' आणि रोजची नोंद, तारीख, तास, काय केलं, एका वहीत ठेवून दर शनिवारी सही घे. शेवटी एकदम सही मागायला गेल्यावर साहेब बदलून गेलेले असतात, हे दरवर्षी होतं.

मामाच्या सीएबद्दल थोडक्यात. फाउंडेशनची (सीएची पहिली) परीक्षा दिली नाहीस म्हणून दार बंद झालेलं नाही. कॉमर्सच्या पदवीला 55 टक्के मिळाले तर थेट इंटरमिजिएटला (पुढच्या टप्प्याला) नोंदणी होते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात ती तात्पुरतीही करता येते. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) आता दोन वर्षांची आहे. त्यामुळे निर्णय आत्ता नको, पाचव्या सेमिस्टरला घे. तोवर जीएसटीचा मेळ घालताना तुला मजा आली की झोप, हे कळलेलं असेल. सीए ही धंदा शिकायची पायरी म्हणून कुणी करू नये. ते ऑडिट आणि कर यांत रमणाऱ्यांचं काम आहे, आणि अर्ध्यात सोडलं तर गेलेली वर्षं मोजून मिळत नाहीत.

एमबीएचंही तसंच. तीन वर्षांच्या पदवीवर राज्याची सीईटी आणि कॅट दोन्ही देता येतात, केवळ त्यासाठी चौथं वर्ष करायची गरज नाही. पण पदवीनंतर लगेच जाण्यापेक्षा दोन वर्षं नोकरी करून गेलीस तर वर्गात बोलायला तुझ्याकडे काहीतरी असेल आणि फीचं कर्जही डोक्यावर कमी बसेल. सगळ्या सेमिस्टरांत मिळून 60 टक्क्यांच्या वर राहा आणि एटीकेटी टाळ. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या पहिली चाळण त्यावरच लावतात, पुढचं काही वाचायच्या आधी.

इंग्रजी कच्चं म्हणजे काय कच्चं, ते आधी वेगळं कर. फाड फाड बोलायच्या क्लासची गरज नाही. धंद्यात पाचसहा प्रकारची पत्रं फिरून फिरून लिहावी लागतात : दरपत्रक, ऑर्डर पोचल्याचं, माल निघाल्याचं, कमी-जास्त आल्याची तक्रार, पेमेंटची आठवण, आणि दुसरी कडक आठवण. प्रत्येकाचे चार-चार नमुने स्वतः लिही, कॉलेजच्या इंग्रजीच्या मॅडमकडून तपासून घे आणि फेअर करून ठेव. चोवीस पत्रांत कामापुरतं इंग्रजी बसतं. फोनवरचा बराचसा व्यापार हिंदीत चालतो. तिथे आकडे चुकू देऊ नकोस. 'साडे पंद्रह हज़ार' ऐकून कागदावर 15,050 लिहिणारे असतात.

पैशांची वाटणी आम्ही अशी करू. अठरा-वीस हजारांत जुना पण धड चालणारा लॅपटॉप. स्वयंमच्या दोन परीक्षा, छपाई, एसटी आणि पेट्रोल यांना सहा-सात हजार. उरलेले तेरा ते सोळा हजार तिसऱ्या वर्षापर्यंत हात न लावता ठेव. तेव्हा सीएची नोंदणी, सीईटीची पुस्तकं, नाहीतर मसाल्याच्या पहिल्या लॉटचं पॅकिंग, यांतलं काय ते ठरेल.

फॉर्मवर पसंतीक्रम मागितला तर मायनरला संख्याशास्त्र, मग बिझनेस इकॉनॉमिक्स, मग बँकिंग, शेवटी मार्केटिंग असा लिही. वह्या बघून झाल्यावर पहिले दोन अदलाबदल करावेसे वाटले तर खुशाल कर. फॉर्म देताना त्याची पोच घे. ऑफिसात फॉर्म हरवला की हातात पोच असलेल्यांचंच ऐकून घेतात.